चौकटीवरची धूळ

दुष्काळाच्या साली जळकोटला पाणी जपून वापरावं लागे, म्हणून पाडव्याआधीची साफसफाई आम्ही कोरड्या फडक्यानंच केली. दाराच्या चौकटीवरची धूळ कधी कुणी काढत नसे. मी नवी सून, उत्साहानं स्टुलावर चढले. वर घडी घातलेला एक जुना कागद सापडला. सासूबाईंच्या माहेरच्या नावाचा, चौथी पास झाल्याचा दाखला! मी चक्रावले. दूध सोसायटीत तर त्या अंगठा लावत आणि आलेली पत्रं माझ्याकडून वाचून घेत.

"आत्याबाई, हे तुमचं हाय?"

"पुसून तिथंच ठेव," म्हणत त्या डबे पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उमरग्याहून नणंदेचं पत्र आलं. वाचताना मी मुद्दाम एक ओळ गाळली. शेजारी बसलेल्या सासूबाई पटकन म्हणाल्या, "मधली ओळ राहिली की गं." मग स्वतःच दचकल्या आणि उठून चुलीकडं गेल्या.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, तर ते हसले. "आईला कुठं वाचता येतंय?"

खरं सांगावं की न्हाय, मला कळेना. मी पत्राची घडी घालून ठेवून दिली. त्या कुणापासून लपवत होत्या आणि का, हे मला अजूनही उमगलेलं नाही.