सरकारी कागद मोठ्याने वाचणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई वाघमारे यांची आणि माझी पहिली भेट पोलीस बंदोबस्तात झाली. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात बहुतेकांनी ताईंच्या बाजूला उभं राहून लिहिलं असेल. मी त्या दिवशी समोरच्या बाजूला होतो. म्हणून लिहायला संकोच वाटला आणि ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा की. फक्त मला देवी करू नका आणि स्वतःला खलनायक करू नका. दोन्ही खोटं होईल."

तेव्हा ताईंची साठी नुकतीच उलटली होती. मी रस्त्यांच्या कामावर कनिष्ठ अभियंता होतो, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. चिंचवडच्या पलीकडे नाल्याच्या कडेने कामगारांची एक जुनी वस्ती आहे. बीड-लातूरकडून कंपन्यांत कामाला आलेली कुटुंबं आणि काही जुनी गावठाणातली घरं. तिथला रस्ता रुंद होणार होता आणि वस्तीच्या तोंडाशी असलेली एकवीस घरं त्यात जात होती. सकाळी नऊला पोलिसांच्या दोन गाड्या आणि जेसीबी येऊन उभे राहिले. "आधी घरांवर खुणा करून घे," असं सांगून वरिष्ठांनी मला लाल रंगाचा डबा आणि फाइल देऊन पुढे पाठवलं.

पहिल्याच दारात कंपनीच्या बसवरचे ड्रायव्हर बबनराव आडवे आले. "डबा खाली ठेव. ह्या दाराला ब्रश लागणार न्हाई."

मी वरून हुकूम असल्याचं काहीतरी पुटपुटलो. मागून गर्दी दाटत होती. सरूबाई नावाच्या एक बाई ओरडल्या, "आमी काय रस्त्यावर आलोत व्हय? रस्ताच आमच्या अंगावर आलाय!" कोणीतरी माझी कॉलर धरली. पहिला दगड डब्यावर बसला आणि लाल रंग माझ्या पँटवर उडाला. लांबून पाहणाऱ्या पोलिसांना ते रक्त वाटलं. शिट्या वाजल्या, लाठ्या निघाल्या. त्या गोंधळात एका ठेंगण्या बाईंनी माझं मनगट पकडलं, शेजारच्या समाजमंदिरात ओढून नेलं आणि आतून कडी घातली.

त्या कुसुमताई. बाहेर दारावर थापा पडत होत्या. गर्दीला वाटत होतं, ताईंनी साहेबाला लपवलं. पोलिसांना वाटत होतं, साहेबाला कोंडलं. ताईंनी माझ्या हातातली फाइल घेतली, चष्मा लावला आणि विचारलं, "ही नोटीस तुम्ही वाचलीय?"

"मीच तर दारोदार चिकटवली."

"चिकटवलीत. वाचलीत का?"

नेहमीचा मसुदा होता, त्यात वाचायचं काय!

"वाचा. मोठ्याने."

बाहेरून पोलीस निरीक्षकांचा आवाज आला, "बाई, दार उघडा. दहा मिनिटं देतो, मग तोडावं लागेल."

ताईंनी खिडकीतूनच उत्तर दिलं, "साहेब सुखरूप आहेत. नोटीस वाचताहेत."

मी वाचू लागलो. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की नोटीस बजावल्यापासून पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येईल आणि हरकत घेणाऱ्यास सुनावणी दिली जाईल. ताईंनी फाइलमधला नोटीस चिकटवल्याचा पंचनामा काढून माझ्यासमोर धरला. नोटिशीवरची तारीख जुनी होती, कारण सही होऊनही ती आमच्याच कार्यालयात पडून राहिली होती. पण ती दारांवर लागली त्याला फक्त नऊ दिवस झाले होते. पंचनाम्याखाली सही माझी होती.

"अजून सहा दिवस आहेत, माने साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही सरकार आहात, मला मान्य आहे. पण माझ्या लेखी सरकार म्हणजे हा कागद. तो तुम्हीच मोडलात, तर बाहेरच्यांना मी कायदा कुठल्या तोंडाने सांगू? हातातले दगड खाली टाका म्हणून कशी सांगू?"

मी तिथूनच वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "माने, तू पगार कुणाचा घेतोस?" मी म्हणालो, "सर, पंचनाम्यावर माझी सही आहे. कोणी विचारलं तर मला खरं सांगावं लागेल." पलीकडून, "बाहेर ये," एवढंच.

ताईंनी दार उघडलं, मला पायरीवर उभं केलं आणि तोच परिच्छेद सगळ्यांसमोर पुन्हा वाचायला लावला. पोलीस निरीक्षकांनीही तो कागद हातात घेऊन वाचला. जेसीबी मागे वळला तशा पोरांनी शिट्या मारल्या. ताई कडाडल्या, "शिट्या कसल्या मारताय? सहा दिवस मिळालेत, घरं नाही मिळाली. हरकती लिहायला बसा!"

ताईंना कागद वाचायचा हा ध्यास कुठून लागला, ते मला पुढे कळलं. पिंपरीतल्या एका कंपनीत त्या वीस वर्षं कॉइल गुंडाळायच्या कामावर होत्या. कंपनी बंद पडली तेव्हा गेटवर एक कागद लागला. बायका रोज येऊन त्या कागदासमोर उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. त्यांना वाटलं, कंपनी कधी उघडणार ते लिहिलं असेल. त्यात दावा दाखल करायची मुदत लिहिली होती, आणि अर्थ कळला तेव्हा ती उलटून गेली होती. ताई सातवी शिकलेल्या. त्यानंतरच्या रविवारपासून त्यांनी समाजमंदिरात सरकारी कागद मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कोणाचं रेशनचं पत्र, कोणाची बँकेची सूचना, कोणाचं कोर्टाचं समन्स. जो शब्द अडेल तो वकिलांना नाहीतर तहसील कचेरीतल्या कारकुनाला विचारून यायचा आणि पुढच्या रविवारी सांगायचा.

पाडकाम थांबल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, तेव्हा ताई न बोलावता आमच्या कार्यालयात आल्या. "आता तुमची वाचू," म्हणाल्या. मी लिहिलेल्या उत्तरात वरिष्ठांवर रागाने लिहिलेलं एक वाक्य होतं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे काढा. हे खरं असेल, पण ह्याच्याने तुमचं बाकीचं खरं झाकलं जातंय." ते वाक्य काढलं म्हणून माझी नोकरी राहिली, असं मी आजही मानतो.

पण ताईंची खरी परीक्षा हरकतींच्या सुनावणीत झाली. सगळ्यांना वाटलं, ताई रस्ताच रद्द करून घेणार. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रस्ता पाहिजे." सरूबाईंची सून अडली होती तेव्हा ॲम्ब्युलन्स वस्तीत शिरू शकली नव्हती. तिला खाटेवर घालून हमरस्त्यापर्यंत नेलं आणि बाळ गेलं. ताईंनी तेवढंच सांगितलं आणि मागणी मांडली. आधी दुसरीकडे खोल्या द्या, त्या राहण्याजोग्या आहेत हे दाखवा, शाळेची परीक्षा होऊ द्या, मग पाडा.

मधल्या वेळेत माझ्या वरिष्ठांनी त्यांना बाजूला घेऊन सुचवलं की रस्त्याची रेषा थोडी सरकवता येईल. एकवीस घरांत ताईंचंही घर होतं, ते वाचलं असतं. ताईंनी नकाशा पाहिला. रेषा सरकली की समोरच्या ओळीतली तीन घरं जास्तीची जात होती. त्या नको म्हणाल्या.

वस्तीत मात्र वेगळीच बातमी पोहोचली, ताईंनी साहेबांशी बाजूला जाऊन सौदा केला. भर सभेत बबनराव म्हणाले, "ताई, तुमी आता सरकारच्या झाल्या. आमच्या न्हाई राहिल्या." टाळ्या पडल्या. ताईंनी उत्तर दिलं, "बबन, रस्ता नको म्हणून मी भांडले असते तर तू मला खांद्यावर घेतलं असतंस. आणि पुढची बाई परत खाटेवर गेली असती." कोणी ऐकलं नाही. त्यानंतर कित्येक रविवार समाजमंदिरात कोणी फिरकलं नाही. एकदा मी गेलो तर ताई सतरंजी अंथरून, चष्मा लावून एकट्याच बसल्या होत्या. "वेळ दिलीय ना लोकांना," म्हणाल्या, "मग बसायला पाहिजे." सरूबाई परत आल्या त्या पहिल्या. मग एकेक करून बाकीचे.

ताईंच्या दारावर खूण करायची वेळ आली तेव्हा त्यांनी घर स्वतःच रिकामं करून ठेवलं होतं. ब्रश माझ्या हातात हलेना. ताई बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "सरळ ओढा. रेष वाकडी आली तर शेजारचे भांडतील." मी रेष ओढली आणि पलीकडच्या गल्लीत जाऊन रडलो.

अठरा कुटुंबांना आधी खोल्या मिळाल्या, मगच घरं पडली. तीन कुटुंबं अपात्र ठरली होती. त्यांच्यासाठी ताई चार वर्षं कचेऱ्यांचे जिने चढत राहिल्या. दोघांना न्याय मिळाला. तिसऱ्या घरातले दगडूबाबा निकाल लागायच्या आधीच गेले. त्यांचं एक कागदपत्र जोडायचं राहून गेलं होतं. ताईंनी त्याबद्दल स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मी विषय काढला की त्या उठून आत जातात.

मी नोकरीला लागलो तेव्हा मला वाटायचं, सरकार काम करतं आणि लोक अडवतात. वस्तीला वाटायचं, लोक कसंबसं घर उभं करतात आणि सरकार मोडतं. ताईंनी आम्हा दोघांनाही एकाच कागदासमोर बसवलं. त्या कधी आमच्या झाल्या नाहीत. वस्तीलाही त्यांनी बरं वाटेल असं खोटं सांगितलं नाही. त्याची किंमत त्यांनी दोन्हीकडून मोजली.

आज मी त्याच खात्यात वरच्या जागेवर आहे. चाकणच्या बाजूला एका नव्या रस्त्याचा आराखडा माझ्या सहीने निघालाय आणि पुढच्या महिन्यात त्याच्या हरकतींची सुनावणी माझ्यासमोर आहे. आलेल्या हरकतींत पहिलाच अर्ज तिथल्या लोकांच्या वतीने, ताईंच्या अक्षरातला आहे. त्यात अकरा मुद्दे आहेत. सातवा मुद्दा मी तीन वेळा वाचला. तो बरोबर असावा अशी मला धास्ती वाटते.

ताईंचे गुडघे आता दुखतात आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. त्या गुडघ्यांनी, त्या डोळ्यांनी आणि विशेषतः त्या आवाजाने त्यांना अजून पुष्कळ वर्षं साथ द्यावी, एवढंच मागणं. सुनावणीसाठी मी तळमजल्यावरची खोली मागून घेतली आहे. ताई, या. सगळी कागदपत्रं घेऊन, तयारीने या. मीही रोज रात्रीचं जेवण झालं की आराखडा घेऊन बसतोय.