इचिकावाचे काका आणि अर्धा क्लच

गाडी जागची हलवण्याची कला साऱ्या जपानात आता आपल्यापाशीच उरली आहे, असं इचिकावाचे काका मानतात. तसे ते माझे कोणी काका नव्हेत, इथे इचिकावा शहरात राहणारे जुने मराठी गृहस्थ, म्हणून सगळ्यांचेच काका. विद्यापीठात धातूंवर संशोधन करण्यात त्यांची तीस वर्षं गेली, मग निवृत्त झाले आणि मेथी लावायला घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यासाठी गिअरचा एक जुना छोटा ट्रक घेऊन बसले. जग ऑटोमॅटिकवर गेलं तरी हे रोज सकाळी इंजिन सुरू करून डोळे मिटून ऐकणार, त्याचा आवाज खाली उतरला की मगच गिअर टाकणार. एकदा माझ्या नवऱ्याला स्टेशनवर सोडतो म्हणाले. इंजिन शांत होईपर्यंत तो चालत पोचलासुद्धा.

मला तेव्हा नासपतीच्या बागेत काम मिळत होतं. मालकीणबाईंची अट एकच होती, पेट्या पोचवायचा गिअरचा ट्रक चालवता आला पाहिजे. सहा वर्षं घर सांभाळल्यावर ते काम मला फार हवं होतं. पण पुण्याचं लायसन्स इथलं करून घ्यायच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा चौकातून निघताना गाडी बंद पडली होती.

काकांनी शेताकडेच्या मोकळ्या जागेत माझी शिकवणी घेतली. "अगं, रेस एवढीच, की इंजिन गुणगुणेल. ओरडलं तर तू घाबरलीस, गप्प झालं तर तू कंजूष! गाडी थरथरली की क्लच तिथेच धर, हाच अर्धा क्लच. एक श्वास घे. मग सोड."

गंमत म्हणजे रस्त्यावर त्यांचाच ट्रक हमखास बंद पडायचा. कोणी वाट दिली की ते जपानी रीतीने कमरेतून वाकत, त्या भरात डावा पाय क्लचवरून सुटे आणि ट्रक आचका देऊन गप्प. एकदा शेजारी बसून हसताहसता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परीक्षेत समोर थांबलेल्या गाडीला मीही अशीच वाकले होते!

"काका, आपण आभार मानताना पाय सोडतो."

काकांनी वाकून स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. "तीस वर्षं संशोधन केलं गं मी," ते म्हणाले. "आता तू आधी गाडी काढ. आभार मग नुसत्या मानेने."

तिसऱ्या वेळी मी पास झाले आणि बागेत लागले.

यंदा नजर अधू झाली म्हणून काकांनी आपण होऊन लायसन्स परत केलं. आता रविवारी त्यांचा ट्रक मी चालवते. कोणी वाट दिली की दोघांच्या वतीने तेच वाकतात, अगदी निर्धास्त, आणि गाडी अलगद पुढे सरकते. "छान काढलीस," म्हणतात आणि खिडकीबाहेर बघत राहतात.