दारावरची पाच बोटं

मंडळी, दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलंय.

आमच्या तलावाकाठच्या पत्र्याच्या खोलीत मी महिनाभर आजोबांची मोटार दुरुस्त करत होतो. चाळीसच्या दशकातली. तेव्हा अख्ख्या गावात ही एकच होती. काल रंग पुरा झाला.

आज गावातल्या ऐंशीच्या अक्का काठी टेकत बघायला आल्या. सरळ मागचं दार उघडलं, आतून नवाकोरा रंग पाहिला आणि म्हणाल्या, "हितली बोटं कुठं गेली रं?"

आईला साताऱ्याच्या दवाखान्यात नेताना अक्का याच गाडीत जन्मल्या होत्या. जन्मल्या जागी पाचवी पुजायची, म्हणून त्यांच्या आईनं सटवाई गाडीतच पुजली आणि तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं दारावर उमटवली. आठव्या दिवशी आई वारली.

"फोटू न्हाई, कायबी न्हाई. माझ्या आईचं तेवढंच हुतं."

मला तो गंज वाटला. मीच घासून काढला.

जाताना अक्का म्हणाल्या, "गाडी लय झ्याक केलीस."

तो पॉलिशपेपर अजून कोपऱ्यात पडलाय. लाल आहे, गंजानं की कुंकवानं, कळत नाही. अक्कांना नेऊन देऊ का?