पेला केवढा?

दुसरीच्या वर्गात टीव्ही आला तेव्हा सगळ्यांत जास्त मीच हरखले होते. नौपाड्यातल्या आमच्या मराठी शाळेत खडू-फळ्यापलीकडचं काही येणं म्हणजे सणच. अंदाज बांधायला शिकवणारे व्हिडिओ मी शोधून काढले. बरणीत रंगीत गोळ्या दिसायच्या, किती असतील ते ओळखायचं, मग पिपाणी वाजायची आणि खरा आकडा पडद्यावर यायचा. मुलं तोवर पेन्सिल चावत बसायची आणि आलेला आकडा वहीत उतरवायची. ज्यांनी आधी काही लिहिलं असेल ती ते खोडून टाकायची. अख्ख्या वर्गाचे अंदाज अचूक! त्या अचूकपणाने माझं डोकंच फिरलं.

मी ठरवलं, व्हिडिओ आपणच करायचे आणि उत्तर दाखवायचंच नाही. डोंबिवलीच्या घरी ओट्यावर डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि पेल्यात चिंचोके ओतले. नवरा म्हणाला, "आता चिंचोक्यांचं लोणचं घालणार का?" त्याचा आवाज रेकॉर्ड झाला म्हणून सगळं पुन्हा ओतावं लागलं.

वर्गात दाखवून झाल्यावर तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. लगेच सुरू झालं, "मॅडम, उत्तर पाठवा ना." एका बाबांनी तर चित्र थांबवून, मोठं करून, दिसतील तेवढे चिंचोके मोजले. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. "अहो, असं अंदाजपंचे दाहोदरसे शिकवलंत तर परीक्षेत मुलं काय लिहिणार?"

"अंदाज," मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. उत्तर मी कुणालाच पाठवलं नाही.

हळूहळू मुलं लिहायला लागली. कुणी वीस, कुणी हजार. अंदाज लिहायला मी वहीत एक चौकट आखायला लावायचे; एकच मुलगी ती चौकट कोरी ठेवायची. दिवाळीनंतर गणितात मागे असलेल्या मुलांना वेगळ्या खोलीत बसवायचं मोठ्या बाईंनी ठरवलं होतं, आणि त्यात हिचा नंबर लागल्यातच जमा होता. त्या खोलीत गेलेलं मूल 'ढ' हा शिक्का घेऊनच बाहेर पडतं, हे मी पाहिलेलं आहे. तिची आई जवळच्याच एका दवाखान्यात कामाला होती. तीसुद्धा म्हणाली, "बसवा बाई तिकडे. आमच्यात कुणालाच गणित आलेलं नाय." मला तिचा राग आला आणि वाईटही वाटलं. म्हटलं, दिवाळीची सुट्टी लागायच्या आत या पोरीकडून एक तरी आकडा लिहून घेईन.

मग मी तिच्या मागेच लागले. चुकलं तर चुकू दे, कुणी रागावणार नाही, हे इतक्यांदा सांगितलं की बाकीची मुलं माझ्याबरोबर म्हणायला लागली. ती मान डोलवायची आणि चौकट कोरीच. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी एकदा मधल्या सुट्टीत तिला टीव्हीसमोर बसवून तोच व्हिडिओ लावला आणि जरा तडकूनच विचारलं, "अगं, भीती कसली वाटते तुला?"

"भीती नाय बाई. पेला केवढाय तेच कळत नाय."

मी वळून टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर माझा पेला बादलीएवढा दिसत होता. त्याच्या शेजारी काहीच नव्हतं, नुसती पांढरी भिंत. मोबाइलवर बघणाऱ्याला तोच पेला अंगठ्याएवढा दिसणार. वीसवाला आणि हजारवाला, दोघंही आपापल्या पेल्यापुरते बरोबर होते, आणि ही एकटी आधी माप विचारत होती. मला लाज वाटली, पण त्याहून आनंद जास्त झाला.

त्याच संध्याकाळी नवीन व्हिडिओ केला. मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला आणि चिंचोके माझ्या मुठीने पेल्यात टाकले, म्हणजे हातही दिसेल आणि पेलाही.

दुसऱ्या दिवशी मी तो पेला चिंचोक्यांसकट पिशवीतून शाळेत नेला आणि मोठ्या बाईंना मुद्दाम तासाला बोलावलं. त्या मागच्या बाकावर बसल्या. व्हिडिओ सुरू झाला तशी त्या मुलीने आपली मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. ओठ हलत होते. मग तिने चौकटीत लिहिलं, साठ.

सगळ्यांनी मिळून दहा-दहाचे ढीग लावत चिंचोके मोजले. शहाण्णव भरले.

"चुकली! चुकली!" मागून ओरडा झाला. मी दटावायला तोंड उघडलं, पण ती माझ्याआधी वळली.

"चुकली काय रे? अंदाज आहे तो! बाईंची मूठ मोठी, मी माझ्या मुठीने धरलं. म्हणून कमी आले."

मोठ्या बाई उठल्या, तिच्या बाकापाशी आल्या, वहीतले साठ त्यांनी नीट पाहिले. "ही इथेच बसेल," त्या मला म्हणाल्या. माझे डोळे भरून आले.

तिचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिने चौकटीखाली दुसरी चौकट आखून ठेवली होती. "बाई, लावा ना दुसरा."