गुहेत उडालेली कवळी

२०१६च्या हिवाळ्यात, एका शनिवारी दुपारी, ओमानमधल्या एका चुनखडीच्या गुहेत माझ्या सासऱ्यांची वरची कवळी कठड्यापलीकडे पडली. जीवितहानी झाली नाही.

सासरे, म्हणजे आप्पा, निवृत्त शिक्षक. पुण्याहून महिनाभरासाठी आमच्याकडे, मस्कतमधल्या अल् घुब्राला आले होते. त्याच संध्याकाळी मराठी मंडळाच्या मुलांसमोर त्यांचे व्याख्यान होते. विषय : स्पष्ट मराठी उच्चार. (विषय मीच सुचवला होता.) तोवर गुहा पाहून येऊ, हीही सूचना माझीच. बायको वृंदा, मुलगी इरा, आप्पा आणि मी एका गाडीत. शेजारचे इक्बालभाई, मूळचे दापोलीचे, दुसऱ्या गाडीत. परतताना त्यांना वाटेवरच्या निझवा गावात खजूर घ्यायचे होते.

गुहेत गाइड सईदने बजावले, "कशालाही हात लावायचा नाही. हे खांब थेंबाथेंबाने लाखो वर्षांत वाढलेत." मग तो म्हणाला, "यल्ला!" म्हणजे, चला!

मराठी माणसे घोळक्याने कुठेही निघाली की जे होते ते झाले. माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" आप्पा बेंबीच्या देठापासून ओरडले.

गुहेने तो जयजयकार तीनदा परत केला. कवळी परत केली नाही!

"बाबा, आप्पांचे टीथ उडाला!" इरा किंचाळली.

'उडाले' अशी दुरुस्ती आप्पांनी लगेच केली असावी. ऐकू आले ते निराळेच होते.

सईदने टॉर्च मारला. खाली तळ्याच्या काठाशी, एका पांढऱ्या खांबाच्या पायथ्याला कवळी चमकत होती. मागची गोरी बाई नवऱ्याला म्हणाली, "किती नाजूक रचना!"

"अरे, काहीतरी कर ना!" वृंदा म्हणाली. "सहाला व्याख्यान आहे. आप्पा बोलणार कसे?"

"थांबा," सईद म्हणाला. "मी हातमोजे मागवतो आणि स्वतः खाली उतरतो."

थांबणे मला जमले असते तर ही आठवण इथेच संपली असती. मी आप्पांची काठी घेतली आणि कठड्यावर पोट टेकून खाली वाकलो.

"जरा डावीकडं, भाऊ!" इक्बालभाई म्हणाले. "अरे, तुझं डावं नाही, माझं!"

"बाबा, डोन्ट फॉल!"

"तो पडला तरी चालेल, कवळी ढकलू नकोस म्हणावं!" (ही वृंदा.)

काठीचे टोक कवळीपासून वीतभर अंतरावर पोहोचले. त्याच क्षणी माझ्या शर्टाच्या खिशातून गाडीची किल्ली निसटली, उतारावर दोनदा उसळली आणि तळ्यात गेली. डुबुक!

सईदने टॉर्च पाण्याकडे वळवला. "हीसुद्धा आजोबांचीच?"

हातमोजे आले. सईद शिडीने उतरला, कवळी घेऊन वर आला आणि ती टिश्यूत गुंडाळून त्याने आप्पांच्या हातात ठेवली. "खलास!"

"आणि किल्ली?" मी विचारले.

"या पाण्यात आंधळे मासे आहेत. तिथे कोणालाच उतरता येत नाही."

"पण कधीतरी निघेल ना?"

"इन्शाल्ला," तो म्हणाला. कोणत्या सुरातल्या 'इन्शाल्ला'चा अर्थ काय, हे मला ओमानमधल्या वास्तव्यात समजू लागले होते.

दुसरी किल्ली घरी होती. इक्बालभाईंनी आप्पा, वृंदा आणि इराला गाडीत घेतले, खजूर रद्द केले आणि मस्कतचा रस्ता धरला. सर्वांना सभागृहाशी सोडून ते किल्ली आणायला जाणार होते. मी गुहेबाहेर पार्किंगमध्ये थांबलो.

व्याख्यान वेळेवर सुरू झाले. आप्पांचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो आहे, असे वृंदाने फोनवर कळवले. सरावासाठी ते मुलांकडून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणवून घेत होते. तिने फोन मुलांकडे धरला.

"जावयाने किल्ली तळ्यात घातली!"

सर्व मुलांचा 'ळ' स्पष्ट होता.