मीच नामंजूर केलेली रजा

माझ्या रजेचा अर्ज मी स्वतः नामंजूर केला होता, आणि तोही रीतसर शेरा मारून.

मानमोडीच्या तापाच्या साथीचं साल. पाचोऱ्याच्या एका कापसाच्या कारखान्यात मी कारकून होतो. शेतकऱ्यांच्या गाड्या आल्या की कापूस पाहून पास करायचा, हे माझं काम. कचेरीत माणसं तीन. सोमवारी मॅनेजरसाहेब आजारी पडले, बुधवारी हेडक्लार्क. जाताना प्रत्येकाने खालच्याकडे चार्ज दिला, आणि सात वर्षं तात्पुरता असलेला मी गुरुवारी कचेरीतल्या हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत, म्हणजे साहेबांच्या, जाऊन बसलो. काम नीट सांभाळलं तर कायम करू, असा साहेबांचा निरोपही आला.

शुक्रवारी मला ताप भरला.

माझ्या स्टुलावर बसून मी अर्ज लिहिला, 'मेहेरबान मॅनेजरसाहेबांचे सेवेशी'. मग उठून खुर्चीत बसलो आणि तो वाचला. अक्षर चांगलं होतं. पण चार्ज घ्यायला माणूस नसेल तर रजा नाही, असा नियम. 'कामाची निकड पाहता नामंजूर' असं लिहून मी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि परत स्टुलावर येऊन हिरमुसलो. (साहेब लोकांना गरिबाची दया नसते!)

दुपारी पारोळ्याकडच्या आमच्या गावाहून आबा, म्हणजे माझे वडील, कापसाची बैलगाडी हाकत आले. पाचोऱ्यातल्या माझ्या गल्लीतली दोन घरं त्याच आठवड्यात साथीने बंद झाली होती. आबांनी आधी माझ्या कपाळावर हात ठेवला. मला एकदम रडूच आलं.

"घर चाल."

"रजा नाही, आबा."

"कोन नही म्हनस?"

"साहेब."

"साहेब कोठे शे?"

"मीच."

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ताप डोक्यात गेला असावा, असं त्यांना वाटलं असणार.

"ऊठ. घर जाय नि पडी ऱ्हाय. खुर्ची मी धरस."

आबांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पास गाडीला ते नुसती मान डोलवत, नापास गाडीचे बैल तिथेच वळवायला लावत. पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त गाड्या परत गेल्या. गाडीवाले तोंडाला उपरणं लावून माझ्या घरी तक्रारी सांगायला येऊ लागले. गोधडीत पडल्या पडल्या मी हिशेब केला की सात वर्षांची नोकरी सात दिवसांत बुडणार. आबांना थांबवायला उठावं, तर पाय लटपटत होते.

आठव्या दिवशी साहेब परतणार असं कळलं. काठी टेकत मी कचेरी गाठली, पण साहेब आधीच आले होते. मफलर गुंडाळून ते स्टुलावर बसले होते, माझ्या स्टुलावर! खुर्चीत आबा. समोरच्या गाडीतला मूठभर कापूस दाबून आबा गाडीवाल्याला सांगत होते, "पानी मारेल शे. दोन दिन ऊनमा टाक, मंग लई ये."

साहेबांनी मला हळूच विचारलं की हे गृहस्थ कोण. इतका कोरडा कापूस या कारखान्यात आजवर आला नव्हता म्हणे. मी छाती फुगवून सांगितलं, माझे वडील. मग साहेबांनी आबांनाच विचारलं, वजन वाढवायला पाणी मारलेलं इतकं बिनचूक कसं कळतं.

आबा प्रामाणिक माणूस. "तीस वरीस मी बी हाईच करी ऱ्हायनू ना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या तीस वर्षांतली शेवटची सात वर्षं आबांची गाडी मीच पास करत आलो होतो.

साहेब खोकला लागेपर्यंत हसले. मग ड्रॉवर उघडून त्यांनी माझा अर्ज काढला, माझा शेरा खोडला आणि खाली लिहिलं, 'मंजूर. अर्जदाराने सवडीने बरे व्हावे. वडिलांस मात्र रोज वेळेवर पाठवावे.'

पुढे मी कायम झालो, पण माझ्या कामाबद्दल साहेबांनी लेखी असं दिलं ते एवढंच.