निवडलेली ज्वारी

पसारा माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे. जळगावातल्या आमच्या दोन खोल्यांत दोरीवरून काढलेले कपडे दोन-दोन दिवस खुर्चीवर पडून राहतात, तुरीच्या शेंगा पिशवीतच सुकतात, आणि एका गोधडीला तर मी तीन उन्हाळे टाके घालते आहे. नवरा म्हणतो, काम सुरू करावं तर तूच. मला याची फारशी लाज वाटत नाही. आवरलेलं घर उद्या परत पसरणारच असतं.

लाज वाटली ती आई येणार म्हणून. वडील गेल्यापासून ती धुळ्याकडच्या आमच्या खेड्यात एकटीच राहत होती. दिवाळीआधी अंगणात चक्कर येऊन पडली, शेजारणीने उचललं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने आता आमच्याकडेच राहावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून शाळेतून रजा काढून मी चार दिवस घर घासलं. कपडे कपाटात, सोललेले दाणे डब्यात, गोधडी पलंगाच्या पेटीत. आई आली आणि मांडीवर हात ठेवून पलंगाच्या कडेला बसली. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिने पिशवी उचलली.

"आते जास मी. आंडेरना घर बसीसन खावाले माले जमत नही."

आमच्याकडच्या जुन्या बायका लेकीच्या घरी हात हलवल्याशिवाय घास घेत नाहीत. हे मी लहानपणापासून बघत आले होते, तरी मीच तिचे हात रिकामे ठेवले. तिची बस सुटली तेव्हा मला स्वतःचा भयंकर राग आला.

संक्रांतीनंतर ती डॉक्टरांना दाखवायला परत आली. या वेळी मी कशालाही हात लावला नाही. आई दारातच थांबली, खुर्चीवरचा ढीग बघितला, "हाई काय घर शे?" म्हणाली आणि पदर खोचला. मग दहा दिवस माझ्या आळसाचा उद्धार करत तिने घड्या घातल्या, शेंगा सोलल्या, गोधडी पुरी केली. मी सगळं सुखाने ऐकून घेतलं. पंचाईत एवढीच, की ती माझ्यासारखी नाही, हातात घेतलेलं काम संपवते. शेवटी ज्वारी तेवढी उरली होती, तीही निवडून झाली. अकराव्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली.

मला काही सुचेना. ती आंघोळीला गेली तेव्हा निवडलेल्या ज्वारीचा डबा मी परातीत उपडा केला आणि शेजारी सूप ठेवलं.

आई बाहेर आली. मूठभर दाणे तळहातावर घेऊन तिने निरखले. "हाई ते मी काल निवडेल शे."

खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "राही जाय ना माय," मी म्हटलं. "तू तठे एकटी ऱ्हास ते माले भ्याव वाटस."

आईने तळहातावरचे दाणे परत परातीत टाकले. मग तिने पिशवी भिंतीशी टेकवली, चष्मा लावला, सूप मांडीवर ओढलं आणि त्या स्वच्छ ज्वारीतले खडे शोधू लागली.